प्रश्न वाचकांचे: २,४-डी फवारल्यानंतर जमिनीत काय घडते?

तणनाशकांविषयी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील आहेत आणि त्यांतील बरेचसे प्रश्न २,४-डी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातील ‘टू-फोर-डी’, या एकाच औषधाविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (वाळवा तालुका): उसाच्या खोडव्यात रुंद पानांच्या तणांसाठी आम्ही दोन वर्षे २,४-डी फवारले. आता खोडवा मोडून सोयाबीन घ्यायचे आहे. हे औषध जमिनीत साचून राहते आणि त्यावर कडधान्य किंवा सोयाबीन नीट येत नाही, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का? जे औषध तण मारते, ते उसाला का मारत नाही? आमच्या रानाचा खालचा तुकडा क्षारपड आहे. तेथे वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर: २,४-डी वर्षानुवर्षे जमिनीत साचत जाते, हे खरे नाही. मात्र फवारलेल्या रानात पुढचे पीक बिघडल्याची उदाहरणे आपल्या भागात आढळतात आणि त्यांची कारणे वेगळी असतात. ती समजण्यासाठी हे औषध वनस्पतीत काय करते आणि मातीत त्याचे काय होते, हे क्रमाने पाहावे लागेल.

२,४-डी हे फिनॉक्सी गटातील सर्वांत परिचित तणनाशक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिका येथील संशोधकांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले आणि युद्ध संपताच ते बाजारात आले. वनस्पतीची वाढ ठरवणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक तिच्या शरीरात तयार होत असते आणि २,४-डीचा रेणू नेमका त्याच्या जागी जाऊन बसतो. पेशीमध्ये वाढीशी संबंधित जनुकांना एरवी काही प्रथिने दाबून ठेवतात. ऑक्झिन आले की ते टीआयआर-१ या ग्राहक प्रथिनाला आणि या दाबणाऱ्या प्रथिनांना डिंकासारखे एकत्र चिकटवते, त्यानंतर पेशी ती दाबणारी प्रथिने मोडून टाकते आणि जनुके मोकळी होतात. ही यंत्रणा २००५ ते २००७ या काळात स्पष्ट झाली. नैसर्गिक ऑक्झिनचे काम झाले की वनस्पती त्याला लवकर निष्क्रिय करते, परंतु २,४-डीला रुंद पानांच्या वनस्पती तेवढ्या वेगाने निष्क्रिय करू शकत नाहीत, त्यामुळे वाढीचा आदेश चालूच राहतो. काही तासांतच देठ वाकू लागतात, पाने मुरडतात, खोड फुगून ठिकठिकाणी तडकते, इथिलीन आणि ॲब्सिसिक आम्ल ही संप्रेरके प्रमाणाबाहेर तयार होतात, पर्णरंध्रे मिटतात, अन्न तयार होणे थांबते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत तण वाळून जाते. येथे मात्रेला फार महत्त्व आहे. हेच रसायन शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात विदर्भातील संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी वापरतात आणि उसाच्या ऊतिसंवर्धनातही पेशींची वाढ घडवून आणण्यासाठी ते लागते.

ऊस, ज्वारी, मका, गहू ही गवतवर्गीय पिके वाचतात, त्याला एकच कारण नाही. त्यांच्या पानातून वाढीच्या शेंड्यापर्यंत हे औषध कमी पोहोचते, जे पोहोचते त्याच्या रचनेत बदल करून पीक ते कायमचे निकामी करते, आणि त्यांच्या खोडात वाहिन्या विखुरलेल्या असल्यामुळे व त्यांत रुंद पानांच्या झाडांसारखा वाढता थर नसल्यामुळे खोड फुगून तडकण्याचा प्रकार होत नाही. याच कारणाने गाजर गवत, माठ, घोळ, चांदवेल यांचा बंदोबस्त करणारे हे औषध हराळीला काही करत नाही, आणि लव्हाळ्याचा वरचा पाला पिवळा पडला तरी जमिनीतील गाठी जिवंत राहतात. हराळीसाठी २,४-डीची मात्रा वाढवणे व्यर्थ आहे. तसे केल्याने उसालाच इजा होते.

आता मातीविषयी. बाजारात मिळणारी भुकटी सोडियम क्षाराची असते, तर द्रवरूप औषध अमाइन क्षाराचे किंवा इथाइल एस्टरचे असते. ओल्या जमिनीत पडताच क्षार विरघळतात, एस्टरही काही दिवसांत मोडते, आणि तिन्ही प्रकारांतून शेवटी तेच २,४-डी आम्ल उरते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा सामू सातच्या बराच वर असल्याने तेथे या आम्लावर ऋण विद्युतभार असतो. चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते जमिनीतील पाण्यात मोकळे राहते. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे ते सूक्ष्मजीवांना सहज उपलब्ध होते, आणि दुसरा म्हणजे फवारणीनंतर लगेच मोठा पाऊस झाला तर ते खाली झिरपू शकते.

त्याचे विघटन मुख्यतः सूक्ष्मजीव करतात. ऊन आणि निव्वळ रासायनिक क्रिया यांचा त्यातील वाटा लहान असतो. कुप्रियाव्हिडससारख्या अनेक जिवाणूंकडे हे काम करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, असतात. पहिले विकर रेणूची शेपूट तोडते आणि त्यातून २,४-डायक्लोरोफिनॉल हा पदार्थ तयार होतो. दुसरे विकर त्याचे डायक्लोरोकॅटेकॉल बनवते. तिसरे विकर त्याचे कडे, म्हणजे कर्बाच्या अणूंचे वलय, फोडते. कडे फुटले की पुढचे तुकडे जिवाणूंचे अन्न होतात आणि अखेर कर्बवायू, पाणी आणि क्लोराइड एवढेच शिल्लक राहते. एक किलो २,४-डीपासून सुमारे ३२० ग्रॅम क्लोराइड सुटते, जे हेक्टरभर रानात ओलिताच्या पाण्याबरोबर येणाऱ्या क्लोराइडच्या तुलनेत नगण्य असते. या विकरांची सूत्रे असलेली जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे ही क्षमता मातीत पसरत जाते.

आपण दोन वर्षे फवारल्याचे लिहिले आहे. १९४९ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऑडस यांनी मातीतून २,४-डीचे द्रावण पुन्हा पुन्हा फिरवून दाखवले की पहिल्या वेळी विघटन सुरू होण्याआधी काही काळ विशेष काहीच घडत नाही, परंतु त्यानंतर दिलेली मात्रा तीच माती विलंब न लावता संपवते. पहिल्या खेपेस हे अन्न पचवू शकणारे जिवाणू थोडे असतात आणि पुढे त्यांची संख्या वाढते. म्हणजे ज्या रानात हे औषध आधी पडले आहे, त्या रानात ते अधिक लवकर नाहीसे होते. शेजाऱ्यांच्या समजुतीच्या हे बरोबर उलट आहे, आणि या औषधाविषयीची ही बाब शेतकऱ्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही याची मला खंत वाटते.

उबदार, ओलसर आणि हवा खेळत्या जमिनीत २,४-डीचे अर्धायुष्य, म्हणजे त्याची मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, सरासरी दहा दिवसांच्या आसपास धरतात. हेक्टरी एक किलो मूळ घटक जमिनीवर पडला असे मानले तर महिन्याने सुमारे सव्वाशे ग्रॅम आणि दोन महिन्यांनी पंधरा-सोळा ग्रॅम उरेल. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन वीस लाख किलोच्या घरात असते. पंधरा-सोळा ग्रॅम एवढ्या मातीत विखुरले, तर ते दर किलो मातीमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहूनही कमी होते. त्यामुळे फवारणीनंतर जमीन ओलसर राहून महिना-दीड महिना गेला असेल आणि खोडवा मोडून नांगरट झाली असेल, तर २,४-डीच्या कारणाने सोयाबीन थांबवण्याची गरज नाही.

तथापि हे दहा दिवस कोरड्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीला लागू होत नाहीत, आणि आपल्या क्षारपड तुकड्याचा प्रश्न येथेच येतो. वर सांगितलेल्या पहिल्याच विकराला प्रत्येक रेणू तोडताना प्राणवायू लागतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठच्या ज्या जमिनी अतिपाण्यामुळे पाणथळ आणि क्षारपड झाल्या आहेत, तेथे मातीच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, हवा आत जात नाही आणि विघटन दिवसांऐवजी महिन्यांच्या हिशेबाने चालते. अशा तुकड्यात चर काढून निचरा होईपर्यंत २,४-डी न वापरता खुरपणी करणे मला अधिक योग्य वाटते. तेथे ऊस आधीच अशक्त असतो, तणनाशक सहन करण्याची त्याची शक्ती कमी असते आणि औषध रेंगाळते, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने नुकसान करतात.

आता पुढचे पीक बिघडण्याच्या कारणाकडे वळतो. उसात २,४-डी बहुधा एकटे फवारले जात नाही. त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबत ॲट्राझिन किंवा मेट्रिब्युझिन हे दुसरे तणनाशक दिले जाते. ॲट्राझिन जमिनीत कितीतरी अधिक काळ टिकते, सामू जास्त असलेल्या जमिनीत त्याचे विघटन आणखी मंदावते, आणि सोयाबीन त्याला संवेदनशील आहे. सोयाबीन उगवून आल्यावर खालची पाने कडेने पिवळी पडून करपत असतील तर संशय ॲट्राझिनवर घ्यावा. देठ पिळवटले असतील, शेंडा वाकला असेल आणि नवी पाने चिंचोळी होऊन शिरा एकमेकींजवळ आल्या असतील तरच २,४-डीसारख्या औषधाचा विचार करावा. आपण दोन वर्षांत काय काय फवारले, हे डब्यांवरची नावे वाचून एकदा लिहून काढा.

शंका उरलीच तर एक सोपी चाचणी घरी करता येते. फवारलेल्या रानातील आठ-दहा ठिकाणची वरच्या थरातील माती एकत्र करून काही कुंड्यांत भरावी, तेवढ्याच कुंड्यांत कधीही न फवारलेल्या जागेतील तशाच पोताची माती भरावी आणि दोन्हींत काकडी, टोमॅटो व सोयाबीनचे बी टोकावे. काकडी आणि टोमॅटो २,४-डीला सोयाबीनपेक्षाही संवेदनशील आहेत. दोन-तीन आठवडे दोन्हीकडची रोपे सारखीच वाढली तर पेरणी करण्यास हरकत नाही. क्षारपड तुकड्याची माती वेगळ्या कुंड्यांत तपासावी, कारण तेथील रोपे क्षारांमुळेही खुरटू शकतात आणि ती खूण पिळवटलेल्या देठांपेक्षा वेगळी असते.

प्रश्न (तासगाव तालुका): फळछाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेची नवी पाने पंख्यासारखी झाली आणि कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या. शेजारच्या उसात त्याच आठवड्यात २,४-डी फवारले होते. हे औषध जमिनीतून आमच्या मुळांपर्यंत आले असेल का? पुढच्या हंगामातही त्रास होईल का?

उत्तर: आपण वर्णन केलेली पाने २,४-डीच्या इजेचीच खूण दाखवतात. औषध जमिनीतून बांध ओलांडून आले असण्याची शक्यता मात्र अगदी कमी आहे. ते हवेतून आले आहे. द्राक्षवेल या औषधाला इतकी संवेदनशील आहे की उसावर फवारतात त्या मात्रेचा शंभरावा भागही कोवळ्या फुटीला इजा करण्यास पुरेसा असतो.

ते हवेतून दोन प्रकारे येते. फवारतानाच बारीक थेंब वाऱ्याबरोबर वाहून येतात, हा पहिला प्रकार सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या प्रकारात पानावर आणि जमिनीवर पडलेले औषध नंतर वाफ होऊन उठते, आणि फवारणी करताना वारा नव्हता हे शेजाऱ्यांचे म्हणणे खरे असले तरीही बागेला इजा होऊ शकते. हा दोष मुख्यतः एस्टर प्रकारात आहे. सोडियम आणि अमाइन क्षारांची वाफ फारच कमी होते. उन्हाळ्यात दुपारचे तापमान पस्तीस अंशांच्या वर असताना फवारलेले एस्टर मला सर्वांत धोक्याचे वाटते. आपल्या भागात अडचण अशी आहे की एप्रिलमधील खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणीनंतर बागेला कोवळी फूट असते, आणि नेमक्या त्याच काळात खोडव्यात व पूर्वहंगामी लागणीत तणनाशकांची फवारणी चालते. द्राक्षबागेच्या शिवारात इथाइल एस्टर वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इजा हवेतूनच झाली आहे का, याची खात्री बागेत फिरून करता येईल. उसाच्या बाजूच्या ओळींत खुणा अधिक आणि आत जावे तशा कमी दिसतील, बांधावरील टोमॅटो, भेंडी किंवा इतर रुंद पानांच्या झाडांवरही पिळवटलेपण दिसेल, आणि फवारणीच्या आधी पूर्ण उमललेली जुनी पाने बहुधा चांगली राहिलेली असतील. विषाणुजन्य रोगातही पाने पंख्यासारखी होतात, परंतु रोग एका रात्रीत वाऱ्याच्या दिशेने पसरत नाही.

या इजेवर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही, आणि तसे सांगून संजीवके किंवा टॉनिके विकणाऱ्यांवर खर्च करू नये. वेलीला पाण्याचा ताण पडू देऊ नये, नेहमीची अन्नद्रव्ये द्यावीत, रोगनियंत्रणाच्या फवारण्या चुकवू नयेत आणि घाईने फुटी छाटू नयेत, कारण विद्रूप पानेही काही प्रमाणात अन्न तयार करतात. इजा सौम्य असेल तर काही आठवड्यांनी येणारी पाने नेहमीसारखी दिसतील. ती तीव्र असेल तर मणी कमी धरतात, घड विरळ राहतात आणि वेलीतील साठा घटल्यामुळे पुढच्या हंगामातही अशक्तपणा दिसू शकतो. माती मात्र सुरक्षित आहे. बागेत पडलेला अल्पसा अंश तेथील जिवाणू लवकरच संपवतील, त्यामुळे माती बदलण्याचा किंवा चुना टाकण्याचा कोणी सल्ला दिल्यास तो मानू नये. माल निर्यातीचा असेल तर आपल्या निर्यातदाराला ही घटना आताच कळवावी आणि काढणीपूर्वीच्या अवशेष तपासणीत २,४-डीचा समावेश करून घ्यावा. पाने दिसताच तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि शेजाऱ्यांशी पुढच्या फवारणीच्या आधीच बोलून छाटणीच्या तारखा त्यांना द्याव्यात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बागेसाठी वापरायचा पंप, बादली किंवा नळी २,४-डीसाठी कधीही वापरू नये. पाण्याने दोनदा विसळल्याने रबरी नळीत आणि वाॅशरमध्ये शिरलेले औषध निघत नाही, एस्टर तर अजिबात निघत नाही. उसासाठी वेगळा पंप ठेवून त्यावर रंगाने खूण करावी.

प्रश्न (माण तालुका): रब्बी ज्वारीत २,४-डी फवारले, पण तण नुसते मुरगळले आणि पुन्हा उभे राहिले. औषध बनावट होते का?

उत्तर: तसे असू शकते, परंतु आपल्या भागात अधिक संभव पाण्याच्या ताणाचा आहे. हे औषध पानातून शिरून साखरेबरोबर शेंड्याकडे व मुळांकडे वाहत जाते. जमीन कोरडी असेल तर तणाची वाढ थांबलेली असते, पानांवरचा मेणाचा थर जाड होतो, साखरेचा प्रवाह मंदावतो आणि औषध पानातच अडकते. वापसा असताना, तण दोन ते चार पानांचे असताना आणि ज्वारी पोटरीवर येण्याच्या बरीच आधी फवारणी झाली तरच ती उपयोगी पडते. दुसरे कारण बोअरचे जड पाणी हे असू शकते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम २,४-डीच्या क्षाराशी संयोग पावतात आणि साका तयार होऊन औषधाचा जोर कमी होतो. शक्य असेल तेथे गोडे पाणी वापरावे. कोरड्या जमिनीत जिवाणूही सुस्त असतात, म्हणून अशा रानात औषध अपेक्षेपेक्षा अधिक काळ राहते. त्यानंतर रुंद पानांचे पीक घ्यायचे असल्यास एक चांगला पाऊस होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत.

प्रश्न (कोरेगाव तालुका): व्हिएतनाम युद्धात वापरलेले विष ते हेच का?

उत्तर: अर्धे हेच होते. ‘एजंट ऑरेंज’ या मिश्रणात २,४-डी आणि २,४,५-टी यांची एस्टरे निम्मी-निम्मी होती. २,४,५-टी बनवताना डायॉक्सिन वर्गातील टीसीडीडी हे अत्यंत घातक रसायन तयार होत असे, आणि तेथील दीर्घकाळच्या हानीचा संबंध मुख्यतः त्याच्याशी आहे. २,४,५-टीच्या कड्यावर एक क्लोरीन अधिक असतो. त्यामुळे २,४-डी सहज पचवणाऱ्या जिवाणूंना ते पचत नाही आणि ते मातीत जास्त टिकते. आपण वापरता त्या औषधात २,४,५-टी नसते. असे असले तरी २,४-डी निरुपद्रवी मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याची नोंद ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात केली आहे. तातडीचा धोका डोळ्यांना असतो. आम्ल आणि अमाइन क्षार डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून औषध कालवताना चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत.

प्रश्न (कराड तालुका): उसाच्या कडेला आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. फवारणीचे औषध विहिरीत उतरेल का?

उत्तर: नेमून दिलेल्या मात्रेत फवारलेले औषध वरच्या थरातच बरेचसे संपते, कारण सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू तेथेच अधिक असतात. मुरमाड, हलक्या जमिनीत फवारणीनंतर एक-दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला तर मात्र ते मुळांच्या खाली जाऊ शकते. एकदा खाली गेले की तेथे जिवाणू कमी, हवा कमी आणि विघटन फार सावकाश असते. जमीन वरून जेवढी लवकर स्वच्छ होते, तेवढे भूजल होत नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षात विहिरी बिघडतात त्या फवारणीपेक्षा काठावरच्या हाताळणीमुळे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम एवढेच २,४-डी चालते. या हिशेबाने केवळ ५ ग्रॅम २,४-डी दीड लाख लिटरहून अधिक पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. विहिरीच्या काठावर पंप भरताना सांडलेले किंवा डबा विसळून ओतलेले औषध तेथे जिवाणूंच्या थरातून न जाता थेट पाण्यात उतरते. म्हणून औषध कालवण्याचे काम विहिरीपासून दूर, रानातच करावे. पंप विसळलेले पाणी त्याच उसात पसरून फवारावे. रिकाम्या डब्यांना भोके पाडावीत आणि ते पाणी साठवण्यास घेऊ नयेत. विहिरीभोवती न फवारलेला गवताचा पट्टा राखावा आणि तेवढ्या भागात खुरपणी करावी. पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलावी. पूर्वी काठावर औषध सांडलेले असेल तर तेथील माती खरवडून उसाच्या रानात पातळ पसरावी, आणि पाण्याचा नमुना कीडनाशक अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत २,४-डीचे नाव लिहून द्यावा, कारण पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत हे रसायन पाहिले जात नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. निकाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरे पाणी वापरावे.